घरपोच गोळ्या

आबा म्हणजे माझे वडील. ते आणि शेजारच्या डाळज गावचे तात्या पाटबंधारे खात्यात बरोबरीनं नोकरीला होते. रिटायर झाल्यावर दोघांच्याही मागं ब्लड प्रेशर लागलं. दर महिन्याला तात्या मोटारसायकलवर निघायचे, आमच्या पळसदेवच्या फाट्यावर आबांना मागं बसवायचे आणि दोघं औषधं आणायला इंदापूरला जायचे. खिशात प्रेशरच्या गोळ्या आणि हातात मिरचीभजी, असा प्रकार. येताना तात्या आमच्या गावातून चिलापी मासे घेऊन जायचे. सकाळी गेलेली माणसं दुपार कलल्यावर उगवायची आणि आई दोघांनाही बोलायची.

एकदा हायवेला एक ट्रेलर त्यांच्या गाडीला घासून गेला. दोघं कडेला पडले. थोडक्यात निभावलं, पण आबांचा गुडघा चांगलाच दुखावला. आईनं धसका घेतला. मी बारामतीला असते. मी माझी औषधं ऑनलाइनच मागवायचे. त्या रविवारी पळसदेवला जाऊन आबांच्या फोनवर ते औषधांचं ॲप घालून दिलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. कंपनीतून एका मुलीचा फोन आला, तिनं गोळ्यांची खात्री करून घेतली आणि खोकं घरी आलं. आबा हरखले. आल्यागेल्याला दाखवायला लागले.

पुढच्या महिन्यात तात्यांचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. आबांनी स्पीकर लावला होता.

"आबा, येऊ का फाट्यावर?"

"आता कशाला? माझ्या गोळ्या घरी येत्यात. तुमच्याबी मागवू का? पोरगी हितंच हाय."

"नको. मला आपलं दुकानच बरं. तुमी नुसतं संगं चला की."

"गुडघा लई दुखतोय हो."

"मग ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. आवाजात राग नव्हता. आबांनी फोन ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो.

त्यानंतर फोन कमी होत गेले. मग एके दिवशी डाळजवरून निरोप आला, तात्यांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी आबांना भेटायला घेऊन गेले. तात्या पडवीत कॉटवर होते. उजवा हात उशीवर ठेवलेला होता. काकूंनी चहा आणला आणि हळूच म्हणाल्या, "गोळ्या कवाच सोडल्या व्हत्या त्यांनी."

आबा दचकले. "दुकानात जात व्हते न्हवं?"

"एकटे कुठले जात्यात? आज जातो, उद्या जातो, असंच चाललं. पोरं म्हनली, आमी आणतो. तर म्हनायचे, आबाचा गुडघा बरा होऊ दे, आमी दोघं जाऊन येतो."

परतताना गाडी फाट्याजवळ आली. मी म्हटलं, "आबा, यात तुमची काय चूक?"

"चूक कोन म्हनतंय?" ते म्हणाले. "पर माझा गुडघा कवाच बरा झाला व्हता गं. मलाच हालायचा कटाळा आला व्हता. गोळ्या घरी आल्या म्हनून मानसानं इंदापूरला जाऊ नये, असं कुठं हाय?"

ॲप मी दिलं होतं.

आता तात्यांच्या गोळ्याही आबाच मागवतात, पत्ता डाळजचा घालून. खोकं पोचल्याचा मेसेज आला की जीप पकडून जातात आणि कॉटशेजारी बसून खात्यातल्या आठवणी काढतात. तात्यांची जीभ अजून वळत नाही. एखादी गोष्ट आबांनी चुकीची सांगितली की ते डावा हात हलवून थांबवतात. "मग कसं झालं व्हतं?" आबा विचारतात. तात्यांचे ओठ हलतात, शब्द काही फुटत नाही. आबा थोडा वेळ वाट बघतात आणि मग दुसरीच गोष्ट काढतात.