जोडीमावशीचा टाका

वसतिगृहाच्या लॉन्ड्रीत उभं आयुष्य काढलेल्या त्या बाईला सगळे जोडीमावशी म्हणत. धुतलेल्या मोज्यांच्या ढिगात हात घातला की जोडीच बाहेर यायची, आणि पुन्हा ताटातूट नको म्हणून मावशी तिथल्या तिथं दोऱ्याचा टाका घालायची. स्वतः मात्र एकटी. लॉन्ड्रीतल्या बायकांपैकी कुणी त्यावरून टोमणा मारलाच तर म्हणायची, "माझा जोडीदार मशीननं गिळला."

भाची तिनंच वाढवली. पोरगी विश्वातल्या न दिसणाऱ्या पदार्थाचा अभ्यास करते म्हणजे नेमकं काय करते, या फंदात मावशी पडली नव्हती. पण विज्ञान केंद्रातली नोकरी आजच्या व्याख्यानावर ठरणार, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर सकाळी भाचीच्या पिशवीत सुट्या मोज्यांचा गोंधळ पाहून तिचे हात शिवशिवले. एवढ्या मोठ्या कामाला निघालेली पोर असला पसारा घेऊन जाते म्हणजे काय. भाची केस धुऊन येईपर्यंत पिशवीत एकही मोजा सुटा राहिला नव्हता.

भाचीनं पिशवी उघडली ती थेट व्यासपीठावर. तिचा चेहरा उतरला तशी पहिल्या रांगेतली मावशी आक्रसून बसली. भाचीनं एक जोडी ओढून पाहिली. टाका पक्का होता. मग तीच जोडी तिनं उंच धरली.

"हे मी सुटे आणले होते. सुरुवातीचं विश्व असंच, दाटीवाटीचा ढीग. कण एकमेकांना भेटायचे आणि भेटले की दोघंही नाहीसे व्हायचे. पण विश्व पसरत गेलं, उरलेल्यांना जोडीदार सापडेना, ते एकटेच राहिले. न दिसणारा पदार्थ असा उरला असावा, हा एक अंदाज. अजून ते कण कुणाच्या हाती लागलेले नाहीत. आणि विश्व पसरलंच नसतं तर काय झालं असतं, ते माझ्या मावशीनं सकाळीच करून ठेवलंय, सगळ्यांच्या जोड्या. जवळजवळ कुणीच उरलं नसतं. मग आकाशगंगा बांधून धरायला कोण होतं? आपणही नसतो."

सभागृह खळखळून हसलं. चहाच्या वेळी निवड समितीच्या बाईंनी विचारलं ते एवढंच, की रुजू कधी होताय.

परतताना मावशीनंच विषय काढला.

"म्हणजे घोळच घातला की मी."

"घातलास. पण मी निस्तरला."

मावशी जरा चालली आणि थांबली. "ते एकटे उरलेले. त्यांच्यावर एवढं सगळं तोललंय म्हणतेस?"

"दिसतंय तरी तसंच."

"मग एकदा लॉन्ड्रीत येऊन सांग तिथल्या बायकांना."