मूलद्रव्यांना आजी विचारत नाहीत

‘तिची आई कोण?’

बेरशेबाला ज्यू धर्मगुरूंच्या विवाह नोंदणीच्या कचेरीत समोरचा दाढीवाला अधिकारी विचारत होता. मी माझ्या आईचं नाव सांगितलं, रेबेका. तिच्या आईचं, सारा. तिच्याही आईचं, मिर्यम. आता चौथी. ज्यूपण आईकडून चालत येतं, म्हणून प्रश्न आयांचेच.

‘कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेस. शिकलेली दिसतेस. आणि हे येत नाही?’

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला. शंभराच्या वर मूलद्रव्यं मला पाठ होती. अणुभारासकट. पण चौथी आई मला ठाऊक नव्हती, आणि त्या दोघांसमोर माझे कान तापले. त्रेसष्ट सालचा हिवाळा होता. शिमोनशी माझं लग्न ठरलं होतं. तो आमच्याच कारखान्यात टर्नर, रुमानियातून आलेला. त्याचं काम पाच मिनिटांत आटोपलं होतं. तो बाहेर सिगारेट ओढत उभा होता.

आम्ही कोकणातले मराठी ज्यू, ठाण्याहून इस्राएलला येऊन थोडीच वर्षं झालेली; सोबत आलेल्या बाबांना हिब्रू धड येत नव्हती. मी भाषांतर करत होते. अधिकारी म्हणाला, तुमच्या लोकांचं काही सांगता येत नाही, दोन हजार वर्षं तुम्ही तिकडे कुणाकुणाशी लग्नं लावलीत कोण जाणे. मी सांगितलं तसे बाबा खुर्चीतून उठलेच.

‘त्याला सांग, वुई आर गोरे इस्राएल. काळ्यांशी आमची सोयरीक नाय. त्यांचं भांडंसुद्धा आम्ही वापरलं नाय कधी.’

आणि मी ते सांगितलं. शब्दन् शब्द. माझ्याच तोंडाने. मला वाटलं, यानेच सुटका होईल.

अधिकाऱ्याने पेन उचललं. ‘म्हणजे तुमच्यात दोन प्रकार आहेत? मग त्या काळ्यांचं रक्त कुठून आलं?’

बाबांना कळेना आपण काय चुकलो. मला कळलं होतं. आमच्या ठाण्यात, कोकणात सगळे हेच बोलायचे, अभिमानाने. ज्याच्या घरात म्हणे कधीतरी परजातीची बायको आली, तो काळा. त्याच्याशी रोटी नाही, बेटी नाही. गोरा म्हणवणारा वर्णाने कोळशासारखा असला तरी गोराच. आम्ही आमच्याच विरुद्धचा पुरावा छाती काढून देऊन आलो होतो. त्याने कागदावर लिहिलं: संशयित. उपाय: धर्मांतराची बुडी.

लग्नाआधी मिक्वेत, धर्मस्नानाच्या हौदात, प्रत्येक नवरी उतरते. मीही उतरणारच होते. पण ही बुडी वेगळी. आजवर तू ज्यू नव्हतीस, तुझी आईही नसावी, असं कबूल करून मारायची बुडी.

दुसऱ्या दिवशी आमच्या गावी, येरुहामच्या कारखान्यात कामावर गेले. आमच्या प्रयोगशाळेत वाळवंटातल्या खाणींचे नमुने यायचे. मुंबईची बी.एस्सी. असून पहिलं वर्ष मी बाटल्या धुण्यात काढलं होतं. मग एक माणूस रजेवर गेला आणि मला पृथक्करण मिळालं. दगड आम्लात विरघळवायचा. हायड्रोक्लोरिक घातलं की चांदी, शिसं, पारा पांढरा साका होऊन खाली बसतात. तो पहिला गट. मग सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडायचा, तांबं काळं होऊन खाली येतं. तो दुसरा. मग अमोनिया घातला की लोखंड. कोण कुठल्या गटातलं ते ज्याच्या त्याच्या वागण्यावरून ठरायचं. शिसं कुठल्या खाणीतून आलं, त्याच्या शेजारी कुठला दगड होता, हे परीक्षानळी विचारत नाही. त्या दिवशी हे काम करताना मी रडले. नळीत पडू नये म्हणून तोंड फिरवून रडले.

त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांचं परदेशी मासिक उशिराने आलं. डॉक्टर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, युरोपातून आलेले, साठीचे. भिंतीवरच्या मूलद्रव्यांच्या तक्त्यात शेवटचा स्तंभ ‘निष्क्रिय’ वायूंचा होता. हे कुणाशीच संयोग पावत नाहीत, असं मलाही कॉलेजात शिकवलं होतं. मासिकात छापलं होतं की झेनॉनचं संयुग बनलं. डॉक्टर खूश. त्यांनी लगेच पेन्सिल घेऊन तक्त्यावरचा ‘निष्क्रिय’ खोडला.

‘इतकी वर्षं आपण त्यांच्यावर उगाच शिक्का मारला,’ ते म्हणाले. ‘पुरावा आला की शिक्का पुसायचा. नाहीतर ते शास्त्र कसलं?’

मला धीर आला. मी त्यांना कचेरीतलं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

‘ते वेगळं गं. मार एक बुडी आणि मोकळी हो. माझ्याकडे तर एकही कागद नव्हता. सगळं तिकडे युद्धात जळालं, घर, माणसं. इथे दोन ओळखीचे म्हणाले, हा आपला, आणि झालं. चौथी आई कुणी विचारली नाही.’

हे ते माझी समजूत घालायला म्हणाले. त्यांचं दुःख खरं होतं. पण आपण काय बोललो ते त्यांना ऐकूच आलं नव्हतं. एका वायूसाठी पेन्सिल लगेच हातात आली. माझ्यासाठी बुडी. तिथे माझ्या डोक्यातलं काहीतरी चरचरून जळालं.

त्या संध्याकाळी मी शेगुलाबाईकडे गेले. आमच्या मागच्या चाळवजा घरांत राहायची. ठाण्यातही शेजारीण. काळी. मी दहा वर्षांची असताना घरच्या मलिद्याच्या नवसाच्या दिवशी आईने सांगितल्यावरून मी तिला उंबऱ्याबाहेर, वेगळ्या ताटलीत वाढलं होतं. तिने ती ताटली स्वतः धुऊन ठेवली होती. मी माफी मागितली.

तिने मला बस म्हटलं नाही. ‘तुमच्यावर आलं तेव्हा आठवलं होय?’ एवढंच म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

बरोबर बोलली. मी उभ्याउभ्या लाजेने मेले. पण त्या लाजेने मला जे शिकवलं ते कॉलेजाने शिकवलं नव्हतं.

शिमोन म्हणाला, ‘नाहीतरी मिक्वेत उतरायचंच आहे ना? एकदाच काय ते होऊन जाईल. पाणी तेच.’

‘पाणी तेच,’ मी म्हटलं. ‘सही वेगळी.’

तो चिडला. म्हणाला, माझी आई आधीच कुरकुर करतेय, तू हट्टाने सगळं घालवशील. मला तो आवडत होता. आजही खोटं सांगणार नाही, फार आवडत होता.

मी एकटी बसने बेरशेबाला गेले. अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. संशय मान्य, धर्मांतरास तयार. खाली माझं नाव, सहीची जागा.

मी म्हटलं, ‘मी ज्यू आहे. जी आहे तिला पुन्हा ज्यू करता येत नाही.’

‘मग चौथी आई सांग.’

‘तुमची सांगा आधी.’

शेजारचा या वेळी हसला नाही. अधिकारी लाल झाला. ‘लग्न होणार नाही तुझं.’

‘नका लावू.’

कागद तसाच टेबलावर ठेवून मी बाहेर पडले. बस चुकली, पुढची येईपर्यंत धुळीत बसून राहिले.

लग्न झालं नाही; त्या कचेरीवाचून लग्नाची दुसरी सोय देशात नव्हती. पुढच्या वसंतात शिमोनने दुसरीशी केलं. बाबा म्हणाले, चार लोकांत नाक कापलंस. पुन्हा कचेरीत जाऊ, या वेळी नीट सांगू, आपण अस्सल गोरे.

मी म्हटलं, ‘बाबा, ते वाक्य मी एकदा बोलले. पुन्हा माझ्या तोंडून येणार नाही. तुमच्याही तोंडून या घरात येता कामा नये.’

चौसष्टच्या उन्हाळ्यात आमची माणसं या चौकशीविरुद्ध जेरुसलेमला रस्त्यावर येऊन बसली. मीही बसले. कुणीतरी म्हणालं, आपण गोऱ्यांनी पुढे बसू या, फोटोत चांगलं दिसेल. मी उठून त्याच्यासमोर उभी राहिले. त्याला सांगितलं, हा शब्द पुन्हा काढलास तर आधी तुझ्याविरुद्ध बसेन, मग त्यांच्याविरुद्ध.

पुढे आमच्या लोकांची वेगळी चौकशी करायचा मजकूर त्यांनी कागदावरून काढला म्हणतात. मी आभार मानले नाहीत. माझी सही त्यांना अजून मिळालेली नाही आणि मिळणार नाही. आणि दुसऱ्या कुणाचा कागद तपासायला मी जन्मात बसणार नाही.