ताब्यातला माणूस

हवालदार काका कुणालाही पाण्याचा पेला खाली ठेवून देत नसत. दारातला भिक्षेकरी असो, की मीटर बघायला आलेला वीजमंडळाचा माणूस, पेला त्याने नीट धरेपर्यंत काका आपला हात सोडत नसत. जळगाव जामोदला आमची घरं लागून होती. ही सवय कुठली, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "कॅम्पातली. कैद्याले भाकर फेकून द्यायची नाही, हातात द्यायची. आमच्या सुभेदार साहेबाची ऑर्डरच होती तशी."

एकाहत्तरच्या लढाईत पकडलेल्या पाकिस्तानी सैनिकांच्या छावणीवर ते पहारेकरी होते. तेव्हा नवे शिपाई. हवालदार फार नंतर झाले. लढाईच्या गोष्टी ऐकायला येणाऱ्यांची त्यांच्याकडे निराशाच होई, कारण गोळी झाडल्याचा एकही किस्सा त्यांच्यापाशी नव्हता. ते सांगत हजेरीच्या, घोंगड्या वाटल्याच्या, डाळ अळणी झाली म्हणून कैद्यांनी केलेल्या तक्रारीच्या गोष्टी. "अन् डाळ खरंच अळणी होती," हेही सांगत. कुणी टोकलंच, की म्हणत, "कैदी म्हंजे आपल्या ताब्यातला मानूस. त्याचं बरंवाईट आपल्याच माथ्यावर."

त्यांचा थोरला भाऊही फौजेत होता, दुसऱ्या पलटणीत. तो लढाईत गेल्याची तार त्यांना छावणीतच मिळाली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेंगा फोडता फोडता, आवाज न बदलता. तार वाचून ते सरळ सुभेदारांकडे गेले आणि बंदूक टेबलावर ठेवली. "म्हटलं, साहेब, मले आता कैद्यायजवळ उभं करू नका. मले माहाच भरवसा नाही."

सुभेदारांनी रजा दिली. परतल्यावर काही दिवस लंगरात कांदे चिरायला बसवलं. काका पुन्हा पहाऱ्यावर गेले, तेव्हा कुंपणापलीकडून एका वयस्क कैद्याने विचारलं, "भाईजान, बहुत दिन से दिखे नहीं. घर पे सब ख़ैरियत?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"म्हटलं, हाँ, ख़ैरियत. त्याले सांगून काय करतो? त्याचंही घर तिकडे होतंच ना."

भावाचा मुलगा दिलीप तेव्हा पाळण्यात होता. काकांना मूल नव्हतं. त्यांनीच त्याला वाढवलं. त्याच दिलीपच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल दोन वर्षांपूर्वी चोरताना एक चोर सापडला. लोकांनी त्याला लिंबाला बांधलं आणि मारायला सुरुवात केली. आरडाओरडा ऐकून मीही गेलो. काठी टेकत काका माझ्या आधीच पोचले होते.

"बांधला ना त्याले? मंग आता कोनं हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"काका, बाजूले व्हा," दिलीप ओरडला. "तिकडे माहा बाप मेला, अन् तुमी त्याईच्याच लोकायले भाकरी वाढल्या! आता चोराले वाढा!"

झाडाच्या बुंध्याला, त्या चोराच्या पायांशी, काका खाली बसले. त्यांच्या डोक्यावरून काठी उगारायची कुणाची हिंमत झाली नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत ते तसेच बसून होते. मग शिपायाला म्हणाले, "याचा ओठ फुटला हाये अन् डावा हात सुजला हाये. आमच्याकडून एवढंच लागलं. पाहून घ्या, मंगच न्या."

त्यानंतर दिलीप कितीतरी महिने त्यांच्याकडे फिरकला नाही. मागच्या हिवाळ्यात काका गेले, तेव्हा अग्नी मात्र त्यानेच दिला.

त्या चोरीनंतर काही दिवसांनी मी काकांना विचारलं होतं, की पुतण्याचं बोलणं लागलं का.

"खोटं थोडीच बोलला तो?"

"राग नाही आला?"

"आला ना. लय आला. म्हनून तं खाली बसलो. उभा राह्यलो असतो, तं माहीच काठी दिलीपवर पडली असती."