पद्माबाईंचा सोमवार

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या हळदीच्या कारखान्यात पद्माबाई मुकादम झाल्या, तेव्हा सगळ्यात जास्त हसलो तो मी. मी लिंबाजी, काट्यावर पोत्यांचं वजन करणारा. बाईंनी पहिल्याच दिवशी हळद निवडणाऱ्या बायकांना विचारलं, "कोणाला काय तकलीफ हाय? हप्त्याला एकच मिटवू, पण मिटवू."

म्हटलं, झालं! आता काम राहील बाजूला आणि रडगाण्यांचा बाजार भरेल. पण बाईंनी खरंच दर सोमवारी एकच गोष्ट हाती धरली. एकदा पाण्याचा माठ हळद पॉलिश करायच्या ड्रमापासून लांब नेला, कारण पाण्यात हळदीची धूळ पडायची. एकदा सुपं खिळ्यांना टांगली, तेव्हा सकाळची शोधाशोध संपली. यात काय मोठं, असं मी दर वेळी म्हणायचो.

मग व्यापाऱ्याकडून चार पोती परत आली. लांब हळकुंडांच्या पोत्यांत गोल गड्डे निघाले होते, आणि मिसळलेला माल कोणी घेत नाही. चारही पोती निवड करणाऱ्या अनुसयाबाईंच्या हातची. त्या साठीच्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्याच मजुरीवर. तरी मीच मालकांना, किसनरावांना, म्हणालो, "म्हातारीला दिसत न्हाई आता."

मालक पद्माबाईंना म्हणाले, "शनिवारपर्यंत अजून एक पोतं मिसळलं तर तिला घरी बसवा."

परत आलेलं एक पोतं पद्माबाईंनी मला थोडं थोडं रिकामं करायला लावलं. वरचा अर्धा माल मिसळलेला, तळाचा एकदम साफ.

"तळाचं सकाळी भरलं, वरचं दुपारी," त्या म्हणाल्या. "म्हातारीचे डोळे काय दुपारीच जातात, लिंबाजीभाऊ?"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पद्माबाई अनुसयाबाईंजवळ जाऊन बसल्या. अनुसयाबाईंची जागा महिन्याभरापासून दाराशी, तोंड दाराकडे. दुपारी ऊन थेट डोळ्यांवर आलं, तशा त्या दाराकडे पाठ करून बसल्या. हळकुंडांचं आणि गड्ड्यांचं, दोन्ही पोती मात्र जिथल्या तिथेच. सकाळी डावीकडे असलेलं हळकुंडांचं पोतं आता उजवीकडे आलं. अनुसयाबाई आठवणीने बाजू बदलून हळद टाकत, पण गप्पा रंगल्या की हात वीस वर्षांच्या सवयीने जुन्या बाजूला जाई.

"मावशी, ऊन लागतं हे सांगितलं काहून न्हाई?"

"उन्हाची बी काय तकलीफ सांगावी, माय?"

पद्माबाईंनी पहिल्यांदाच सोमवारची वाट पाहिली नाही. दोन रिकामी पोती उसवून शिवली आणि त्याच दुपारी दाराला पडदा टांगला. अनुसयाबाई संध्याकाळपर्यंत एकाच बाजूला तोंड करून बसल्या.

शनिवारी मालकांसमोर मी पडद्यानंतरची अनुसयाबाईंची सगळी हळकुंडांची पोती माझ्या हाताने उलथली. एकही गोल गड्डा निघाला नाही. मालक "बराबर हाय" म्हणून निघून गेले आणि माझा जीव भांड्यात पडला. एका बाईच्या तोंडचा घास मीच काढायला निघालो होतो, याची मला अजून लाज वाटते.

तो आठवडाभर अनुसयाबाई आपलं बसायचं बस्कर रोज घडी घालून घरी नेत होत्या. उद्या बोलावतील की नाही, कोण जाणे. त्या संध्याकाळी त्यांनी ते झटकलं आणि सुपाशेजारच्या खिळ्याला टांगून दिलं.