जंगलाबाहेर राहिलेले दादा

मीटिंगमध्ये बोलायचं असलं की दादा शाळेतल्या मुलासारखे हात वर करायचे. आमच्या एडमंटनच्या ऑफिसात सगळे एकमेकांचं तोडून बोलतात, आणि हा पन्नाशीचा माणूस कोपर टेबलावर टेकवून, एक बोट वर करून बसलेला. कोणी "येस?" म्हटलं की मगच बोलणार. तेही एकच वाक्य, की हे असं नाही चालत. झालं, काम बंद.

आम्ही ऑइल प्लांट्सच्या सेफ्टीचं काम करायचो. म्हणजे दादा करायचे, मी शिकायचो. मी पुण्याचा, चोवीस वर्षांचा, वर्क परमिटवर. ते नागपूरचे, वीस वर्षं इथे. दर एप्रिलला जयंतीसाठी कम्युनिटी हॉल बुक करायचं काम त्यांच्याकडे असायचं, आणि हॉलवर पोचल्यावर हार-फुलांच्या आधी ते फायर एक्झिट ढकलून बघणार. तुमच्याही ओळखीत असा एक असतोच बघा, ज्याला आपण मागून हसतो आणि ज्याच्या गाडीत डोळे मिटून झोपतो.

माझ्या पहिल्या स्नोफॉलला त्यांनी मला पार्किंगमध्ये अडवलं. विंटर टायर्स लावले नव्हते मी. "मरायला जाऊन राहिला का बे?" चावी काढून घेतली. टायर्स लागेपर्यंत दोन आठवडे मला घरून आणलं, घरी सोडलं, आणि रोज येता-जाता ब्रेकिंग डिस्टन्स शिकवलं.

तर या माणसाला गोरिला बघायचा होता. दहा वर्षांपासून. का, विचारलं की म्हणायचे, "पिंजऱ्यात नाही बावा. त्याच्या घरी जाऊन पाहाचं आहे." वहिनींनी साफ सांगितलं होतं, माकडं बघायला मी एवढ्या लांब येणार नाही. मुलगी चौदा वर्षांची, तिचं उत्तर "बाबा, नो." म्हणून फेब्रुवारीत मी गेलो त्यांच्याबरोबर युगांडाला. पाच दिवसांची ट्रिप. एक दिवस गोरिला, दुसऱ्या दिवशी तिथल्या बाट्वा आदिवासींच्या वस्तीला भेट, की परत.

जायच्या आधी नियम त्यांनीच प्रिंट करून माझ्या डेस्कवर ठेवले होते. सात मीटर लांब राहायचं, एकच तास थांबायचं, आणि सर्दी-खोकला असेल तर आत जायचंच नाही. आपली सर्दी गोरिलांना लागते आणि ते त्याने मरू शकतात. या ओळीखाली त्यांनी पेनने रेघ मारली होती.

विमानात माझा घसा धरला. दोन दिवसांनी त्यांचाही. माझ्याकडूनच लागलं असणार, शेजारीच बसलो होतो.

गोरिलाच्या दिवशी सकाळी चहाबरोबर दोघांनी खोकल्याची एकेक गोळी खाल्ली. मी म्हटलं, दादा, गोळीने तीन-चार तास दबतो, कोणाला कळणार पण नाही, दहा वर्षं थांबलात तुम्ही. ते चहा पीत राहिले.

जंगलाच्या तोंडाशी आम्ही आठ जण उभे होतो. रेंजरने नियम वाचले आणि विचारलं, कोणाला बरं नाहीये का, असेल तर आत्ताच सांगा. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. दादांनी हात वर केला. रेंजरने "येस?" म्हणेपर्यंत थांबले, आणि मग त्याला सांगितलं की मला खोकला आहे, कालपासून. बस, स्वतःपुरतंच. मग एकदा माझ्याकडे बघितलं. मी बॅगेचा पट्टा घट्ट करत होतो.

मी आत गेलो.

तीन तास चढण, चिखल, काटे. मग पानांमागे तो बसलेला दिसला, पाठ चंदेरी, एवढी रुंद की आधी मला तो दगडच वाटला. मी अख्खा तास कॅमेऱ्यात बघत राहिलो. दादांसाठी शूट करतोय असं स्वतःला सांगत होतो. नुसत्या डोळ्यांनी एकदाही नाही बघितलं त्याच्याकडे. लोक विचारतात कसं वाटलं. काहीच नाही वाटलं हो.

संध्याकाळी लॉजच्या पायरीवर दादा बूट पुसत बसले होते. मला वाटलं आता ऐकवणार. त्यांनी फक्त घसा कसा आहे विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. मग ते त्यांच्या दिवसाबद्दल बोलायला लागले. लॉजच्या माणसाने त्यांना बाट्वांच्या वस्तीत आजच नेलं होतं. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच जंगलात राहायची. मध, कंदमुळं, औषधं, सगळं तिथलंच. गोरिलांसाठी जंगल राखीव झालं तेव्हा त्यांना बाहेर काढलं. आता ते रस्त्याकडेच्या पडीक जमिनीवर राहतात आणि टुरिस्ट आले की नाचून दाखवतात. दादांनी नाच नको म्हणून सांगितलं. मग एक म्हातारा त्यांना जंगलाच्या कडेपर्यंत घेऊन गेला आणि लांबून बोटाने दाखवलं, ते माझ्या बापाचं मधाचं झाड. पुढे पाऊल टाकलं नाही त्याने.

दादांनी बूट खाली ठेवला.

"मला आज आत सोडलं नाही, कारण मला खोकला होता. त्याला काय झालंय?"

उत्तर ते माझ्याकडे मागत नव्हते बहुतेक. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर वस्तीत गेलो. तो म्हातारा दादांना बघून हसला. मी कॅमेरा बॅगेतच ठेवला.

परत आल्यावर व्हिडिओ देऊ का, असं दोनदा विचारलं. म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी नीट होऊन जातो, तेव्हाच पाहीन. ऑफिसात कोणी गोरिलाबद्दल विचारलं की माझ्याकडे बोट करायचे, याने पाहिला म्हणून. आवाजात कुठे काही नसायचं. मी किती शोधायचो.

नोव्हेंबरात ड्राइव्ह-वेवरचा बर्फ फावड्याने काढताना ते पडले. सकाळचे साडेसात. शेजाऱ्याने फोन केला, अँब्युलन्स आली, संपलं. मी पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुर्च्या मांडल्या, चपला रांगेत लावल्या, लोकांना वॉशरूम कुठे ते सांगितलं. रडलो वगैरे नाही. अजूनही नाही.

पंधरा दिवसांनी वहिनींनी फोन करून तो व्हिडिओ घेऊन यायला सांगितलं. दुपारी बेसमेंटमध्ये टीव्हीला लावला. वहिनी आणि मुलगी सोफ्यावर, मी कार्पेटवर. पडद्यावर गोरिला पाला ओरबाडून खात होता. मग कॅमेऱ्यामागून, अगदी जवळून, तोंड दाबून काढलेला खोकला ऐकू आला. लगेच अजून एक.

मुलगी ताठ झाली. "इज दॅट बाबा?"

"बाबा आत गेलेच नव्हते," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "कोण खोकललं रे?"

"मी, वहिनी."

"त्यांना माहीत होतं?"

"हो. सकाळी गोळी त्यांनीच दिली होती."

वहिनी पुन्हा टीव्हीकडे वळल्या. गोरिलाने एक फांदी वाकवून घेतली होती.

"मला कधी बोलले नाहीत," त्या म्हणाल्या.

मी बंद करायला रिमोट उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला.