खाचरातलं वीतभर पाणी

माले गावच्या ओढ्याचं पाणी फकरुद्दीनचाचा अकरा वर्षं मोजत होते. सकाळी आठला पुलाच्या खांबावरची पट्टी वाचायची, पर्जन्यमापकातला पाऊस मोजायचा, वहीत लिहायचं. ताप असो की ईद, एका दिवसाचा खाडा नाही. अशा माणसाला खोटारडा ठरवायला १९८४ च्या ऑगस्टात मी पुण्याहून आलो होतो. पाटबंधारे खात्यातली नोकरी नवी, कॅल्क्युलेटर नवा, आगाऊपणा मात्र जुनाच.

माझ्या गणिताप्रमाणे जुलैतल्या एका दिवसाच्या पाच इंच पावसाने ओढा पुरुषभर चढायला हवा होता. चाचांच्या वहीत होता गुडघाभर. वही खोटी असा माझा अहवाल गेला, की त्यांचं काम जाणार आणि अकरा वर्षांच्या नोंदी रद्दीत. मी ते त्यांना तोंडावर सांगितलं.

"तुमच्या गनितात समदं ठावं असलेलंच हाय व्हय, सायब?" त्यांनी शांतपणे विचारलं.

नव्हतं. जमीन किती पाणी पिते, ऊन किती उडवतं आणि भातखाचरं किती अडवतात, हे तीन आकडे मी अंदाजाने घातले होते. मग त्यांच्याच ओसरीवर बसून मी एकेक आकडा हलवू लागलो, बाकीचे दोन जिथल्या तिथे ठेवून. उन्हाचा दुप्पट केला, ओढा ढिम्म. जमिनीचा वाढवला, जरासा उतरला. खाचरांचा थोडासाच वाढवला आणि ओढा धाडकन खाली आला!

"कालवन फसलं की आमची रहिमतबी बी असंच करती," चाचा म्हणाले. "येका टायमाला येकच जिन्नस घालून बगती. ह्यो खाचराचा आकडा कुटनं आनला?"

"एप्रिलमध्ये पाहणीला आलो, तेव्हा स्वतः पाहिली खाचरं. बांधांची तोंडं उघडी होती, म्हणून दोनच बोटं पाणी अडेल असं धरलं."

आतून चाचींचं, रहिमतबींचं, खो खो हसणं ऐकू आलं.

"उनाळ्यात उगडीच असत्यात की!" चाचाही हसले. "लावनीच्या आदी चिखलनीला समदं गाव तोंडं बुजवतंय. त्या दिशी वीतभर पानी अडलं हुतं खाचरात."

वीतभर घातलं. ओढा आला गुडघाभर. लावणीनंतर तोंडं उघडल्यावरचा एक पाऊस तपासला, तोही वहीशी जुळला. मी चक्क उडी मारली. लाज वाटत होती, पण आनंद तिला पुरून उरला. अहवाल तिथेच फाडला आणि ओरडलो, "चाचा, तुमची वही पास झाली!"

"वही कुटं बसली हुती परीक्षेला?" चाचा म्हणाले. "तुमचं गनित बसलं हुतं. झालं पास. आता चा घ्या."