पेटीला अर्थ नाही

तोंडवलीच्या रोझारियोला नुसतं 'वायरमन' म्हटलेलं खपायचं नाही. चौदा वर्षं बोटीवर विजेचं काम केलेला माणूस तो! १९६३ साली कायमचा घरी आला, तो हत्यारांची एक ट्रंक आणि पोतंभर मिजास घेऊन. गावात तेव्हा विजेचा पत्ता नव्हता. मग काय, हा गडी तीन वर्षं नारळ सोलत बसला आणि बोटीच्या गोष्टी सांगून येणाऱ्या-जाणाऱ्याला वात आणत राहिला.

अशात तुकारामशेठनी किनाऱ्यावर बर्फाचा कारखाना काढला. स्वतःचं डिझेल इंजिन, त्यावर स्वतःची वीज! शेठचा सांगावा आला तेव्हा रोझारियो भरल्या ताटावरून उठून धावला.

खाऱ्या वाऱ्यात लोखंडी पेटीची वर्षभरात चाळण होते, म्हणून शेठनी स्विचसाठी मुंबईहून प्लॅस्टिकची पेटी मागवली होती. तसली पेटी रोझारियोनंही पहिल्यांदाच पाहिली. इंजिनाकडची केबल पेटीत आणायची आणि दुसरी केबल पेटीतून बर्फ फोडायच्या यंत्राच्या मोटरीकडे न्यायची. केबलही साधीसुधी नव्हे, तिच्या अंगात पोलादी तारांचं चिलखत. वरचं साल काढून त्या तारा त्यानं एकेक करून इतक्या हळुवार सोडवल्या, की पेज घेऊन आलेली त्याची बायको जेसिंता म्हणाली, "पोरीची वेणी कधी अशी घातलंस नाय रे!" केबल पेटीच्या भोकात घट्ट धरणाऱ्या पितळेच्या ग्लँडवर तारा सारख्या पसरून त्यानं नट आवळला. काम असं देखणं झालं, की स्वारी दोन पावलं मागं सरून स्वतःच बघत राहिली.

आणि बघता बघता त्यानं पेटीवर टिचकी मारली: प्लॅस्टिक! लोखंडी पेटी असती तर एका केबलचं चिलखत पेटीतूनच दुसरीच्या चिलखताला जोडलं गेलं असतं. प्लॅस्टिकमधून वीज जाते कुठे? चिलखत इंजिनापाशी जमिनीला जोडलेलं; ते मध्येच खंडित झाल्यानं मोटरीचा जमिनीशी संबंधच तुटला होता! विजेच्या धंद्यात या संबंधाला 'अर्थ' म्हणतात. तो नसताना मोटरीत कुठं तार सुटली, तर अख्खं यंत्र विजेनं भरणार आणि बर्फ न्यायला येऊन ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली मासेविकी बाई जागच्या जागी संपणार. दोन्ही ग्लँडच्या नटांखाली तांब्याची कडी बसवून ती तारेनं एकमेकांना जोडायलाच हवी होती.

पण कडी पार्सलात आलीच नव्हती. उद्घाटन त्याच दिवशी चार वाजता, आणि शेठ गेलेले पाहुणे आणायला. रोझारियोनं कागद घेतला आणि शेठ वाचणार म्हणून चांगल्या शुद्ध मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलं: 'या पेटीला अर्थ नाही. सुरू करू नये.' कागद पेटीवर चिकटवला आणि मालवणच्या तांबटाकडे सुटला.

कडी घेऊन परतताना होडी खाडीच्या मध्यावर आली, तोच पलीकडून इंजिनाची धडधड ऐकू आली. "सायबा माज्या!" रोझारियो ओरडला. फ्यूज काढून खिशात टाकायचे सोडून आपण चिठ्ठी लिहीत बसलो! कसला हा गाढवपणा! होडी टेकायच्या आत त्यानं पाण्यात उडी घेतली आणि ओल्या कपड्यांनिशी पळत सुटला.

कारखान्यात नारळ फुटला होता. मासेविक्या बायकांची पुढारीण चंद्रावती पाण्यात उभी राहून यंत्राला कुंकू लावत होती. शेठचा हात स्विचवर होता.

"हात काढ गो चंद्रावती! शेठ, थांबा! अर्थ नाय!"

"चिठयेत तेंच, आता तोंडान परत तेंच!" शेठ कडाडले. "तीन वर्सां रगत आटवलंय मी, आणि हो माका सांगता अर्थ नाय!"

आता समजावत बसायला वेळ कुठला! रोझारियोनं चंद्रावतीला बाजूला ढकललं आणि आपले दोन्ही ओले तळवे यंत्रावर टेकले.

"दाबा मगे! पयलो मियाच मरतंय!"

शेठनी स्विचवरचा हात काढून घेतला.

"अर्थ म्हंजे जमीन ओ!" रोझारियो धापा टाकत म्हणाला. "विजेची जमिनीत जावची वाट!"

"मेल्या, मगे तसा लिवूक काय धाड भरलेली तुका?" चंद्रावती तडकली, आणि सगळा जमाव खो खो हसला. शेठही ओशाळून हसले.

इंजिन बंद केलं. रोझारियोनं अर्ध्या तासात कडी बसवली, तार जोडली, नट आवळले. इंजिन पुन्हा धडधडू लागलं. सगळ्यांना यंत्रापासून लांब उभं करून तो म्हणाला, "आता दाबा."

शेठनी स्विच दाबला. फाट्! धूर निघाला, फ्यूज उडाला.

"घ्या! केलंस वाटोळां!" शेठनी कपाळावर हात मारला.

रोझारियो मात्र आनंदानं नाचायचाच बाकी होता. "वाटोळां नाय, शेठ! मोटरीत तार सुटलेली आसा! अर्थ होतो म्हणान वीज जमिनीत गेली आणि फ्यूज उडालो. मगाशी दाबलेलात तर यंत्राक हात लावणारो थंयच..."

"मगाशी हात कोणाचो होतो रे थंय?" चंद्रावतीनं विचारलं.

 रोझारियोनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. आणि तो तिथंच ओल्या फरशीवर मटकन खाली बसला.